माझं पाणी तू पाहजो

नजमा,

तुझ्या खुर्चीवर आज त्यांनी खोकी ठेवलीत. डायलिसिसच्या सामानाची, एकावर एक, पार पंख्यापर्यंत. मी प्रतिभा सिस्टरला म्हटलं, चार दिवस तरी थांबायचं होतं. ती म्हणाली, "काकू, बाहेर जागाच नाही हो." जागा नव्हती म्हणून तर आपण दोघी या मागच्या खोलीत होतो, तेव्हा मी काय बोलणार? डाव्या हातात दोन सुया आहेत, हात हलवायचा नाही, आणि उजव्या हाताच्या एका बोटाने मी हे मोबाईलवर लिहिते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय टुकटुक करून राहिली वो ताई, तोंडानं बोल ना." बोलले असते गं. पण खोक्यांशी बोलायला लागले तर सिस्टर मला वेगळ्याच डॉक्टरकडे पाठवेल.

मला इथे आणलं तेव्हा तू आधीपासून होतीस. पुढच्या मोठ्या हॉलमध्ये माझी खिडकीजवळची खुर्ची होती, शेजारी टीव्ही होता, गप्पा मारायला माणसं होती. एका महिन्याच्या तपासणीत माझ्या रक्तात हिपॅटायटिस सी, रक्तातून पसरणारी ती कावीळ, निघाली आणि मॅनेजरने माझी चादर, माझी पिशवी उचलून मागे आणून ठेवली. या आजाराच्या लोकांचं मशीन वेगळं, खोली वेगळी, दारावर लाल कागद. खोलीला खिडकी नाही. आजार कुठून लागला ते कोणी सांगू शकलं नाही. रक्त चढवलेलं, सुया तर आपल्या पाचवीलाच पुजलेल्या. मी रडत होते. जन्म अमरावतीचा, पण अकोल्याच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत माझी सगळी नोकरी गेली. लोक माझ्यावर ओरडायचे, मी लोकांवर ओरडायचे, पण काचेच्या आत मी असायचे आणि पाच वाजले की बाहेर पडायचे. इथून बाहेर पडायची वेळ कोणी सांगत नव्हतं. तू सुया लावलेल्या हाताने उगाच इशारा केलास, सिस्टरची बोलणी खाल्लीस, आणि मला म्हणालीस, "रडू नको. अठी पंखा चांगला हाय."

पंखा चांगला नव्हता. तुझं सगळ्याच बाबतीत असं होतं. बाळापूरहून बसमध्ये उभी येणार, आणि आल्यावर सांगणार, हवा मस्त लागली.

काय करता म्हणून मी विचारलं तेव्हा तू सरळ सांगितलंस, "मी मेलेल्या बाया धुते." मोहल्ल्यात बाई वारली की तिला शेवटची आंघोळ घालायला तुला बोलावणं यायचं. तुझी सासू करायची, तिच्या हाताखाली तू शिकलीस. मी ऐकलं आणि माझा पाय आपोआप मागे ओढला गेला. तू हसलीस, "पाय काहून घेते? तू तं जिती हाय अजून."

मग किती दिवस आपण त्याच्यावरच बोलत होतो. तुला सांगायला आवडायचं आणि मला ऐकायला. बोरीची पानं टाकून पाणी तापवायचं. अंगावरची चादर काढायची नाही, चादरीखालून हात फिरवायचा. उजव्या अंगाने सुरुवात. शेवटच्या पाण्यात कापूर. आणि पाणी, पाण्याचं तुला फार. लेकराला न्हाऊ घालताना आई कोपर बुडवून पाहते ना, तसं पाहायचं. ना कढत, ना गार. "मुर्द्याले सगळं समजते ताई. बोलता येत नाही एवढंच. म्हणून तं आपण ध्यान द्या लागते." बाईच्या अंगावर काय दिसलं, काय नाही, ते दाराबाहेर न्यायचं नाही, हा तुझा दुसरा कायदा. मी तो मोडायचा खूप प्रयत्न केला. ती कापडवाल्याची सून जळून मेली का, म्हणून विचारलं. त्या मास्तरणीला खरंच काही झालं होतं का, म्हणून खोदून पाहिलं. तू भिंतीकडे पाहून म्हणायचीस, "त्या बाईचे केस लांब होते." बस, तेवढंच.

मशीनवर बसण्याआधी तू माझा हात हातात घ्यायचीस. आपल्या दोघींच्याही डाव्या हातात ती फिस्टुला, दोन नसा जोडून केलेली गाठाळ नस. तिच्यावर बोटं ठेवली की आत घरघर लागते, आणि लागली म्हणजे रक्त वाहतं आहे, मशीन चालेल. ज्याची त्याने पाहायची असते. तू माझी पाहायचीस, मी तुझी. "वाजून राहिली," तू म्हणायचीस, "बस आता." नवऱ्याच्या मागे माझा हात कोणी इतक्या नियमाने धरला नव्हता, हे मी तुला कधी बोलले नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

तुझं काम सुटलं ते याच आजाराने. मोहल्ल्यात कळलं, आणि बायांनी ठरवून टाकलं की नजमाला हे मुर्द्यांकडून लागलं. पुढे तेच उलटं झालं, नजमाच्या हाताने पाणी नको. मी तेव्हा चिडून म्हणाले होते, मेलेल्या बाईला आता कावीळ होणार आहे का? तू हसली नाहीस. धुणारी एक नसते, दोघी-तिघी मिळून धुतात, एकाच बादलीत हात घालतात. जित्या बायांना भीती होती. तुझ्या गल्लीतून जनाजा निघायचा आणि तुला बोलावणं आलेलं नसायचं. तू आत बसून कापराची डबी उघडून बंद करायचीस. हे शकीलाने, तुझ्या सुनेने, मला सांगितलं. तू तर सांगायचीस की बरं झालं, गुडघ्यांना आराम.

पण तुझी खरी भीती मला ठाऊक होती. मोठ्या साथीच्या काळात तू पाहिलं होतंस, प्लास्टिकमध्ये बांधलेली माणसं तशीच मातीत गेली. एका बाईला तर तिच्या लोकांनी लांबून नळाचा पाईप लावून प्लास्टिकवरूनच पाणी मारलं. तू भिंतीआड उभी होतीस, तुला जवळ येऊ दिलं नव्हतं. "पाईपनं ताई," तू म्हणालीस, "म्हशीले मारतात तसं." आणि मग, मशीनच्या आवाजात कोणी ऐकू नये म्हणून हळू, "माह्यं बी तसंच करतीन."

म्हणून तर मी म्हटल्यावर तू माझ्यासोबत अमरावतीला डॉक्टरांकडे यायला तयार झालीस. मला वाटायचं, बरं व्हायचं आहे म्हणून आलीस. नाही. तुला जगायची काही फार घाई नव्हती, मेल्यावरची सोय लावायची होती.

अमरावतीचे ते यकृताचे डॉक्टर तुला आवडले, कारण त्यांनी तुला "आपा" म्हटलं. सरकारी दवाखान्यातून तीन महिन्यांच्या गोळ्या सुरू करून दिल्या आणि आधी सगळं समजावून सांगितलं. हा विषाणू यकृतात घर करून बसतो, म्हणाले, फार गडबड करत नाही. शरीरातल्या लढणाऱ्या पेशी सुरुवातीला त्याच्याशी भांडतात, पण तो सारखं रूप बदलतो, जायचं नाव घेत नाही, आणि वर्षं गेली की त्या पेशी दमतात. मरत नाहीत, पळूनही जात नाहीत. शत्रू समोर दिसतो आणि त्या हात न उचलता नुसत्या उभ्या राहतात. तू लगेच म्हणालीस, "मी सासूपुढं अशीच उभी राहत होती, डॉक्टरसाहेब." ते इतके हसले की बाहेरचा पेशंट दारातून डोकावला. मग म्हणाले, गोळ्या विषाणूची वाढ थांबवतात. तो कमी झाला की या दमलेल्या पेशींनाही थोडा दम खाता येतो. सगळ्या पहिल्यासारख्या होत नाहीत. काही थकलेल्या त्या थकलेल्याच राहतात.

त्या तीन महिन्यांत तुझ्या चेहऱ्यावर जरा पाणी आलं होतं. गोळ्यांनी माझं डोकं दुखायचं आणि मी सगळ्यांवर खेकसायचे. तू म्हणायचीस, तुझ्या पेशी दम खाऊन उठल्या वाटते. गोळ्या संपल्यावर आणखी तीन महिने थांबून रक्त दिलं. दोघींच्याही रक्तात विषाणू नव्हता. अमरावतीत त्या दिवशी आपण गिला वडा खाल्ला, एक प्लेट दोघींत, पथ्य गेलं खड्ड्यात. दही माझ्या साडीवर सांडलं. तू म्हणालीस, आता मोहल्ल्यात जाऊन सगळ्यांची तोंडं बंद करते.

पण त्याआधी खोलीत डॉक्टर एक गोष्ट बोलले होते. आपा, कार्डावरची तपासणी यापुढेही पॉझिटिव्हच येईल, ते म्हणाले. ते कार्ड विषाणूला शोधत नाही. विषाणूशी लढताना शरीराने जी प्रतिपिंडं तयार केली, त्यांना शोधतं. विषाणू गेला तरी ती राहतात, बहुतेकांच्या जन्मभर. आजार आहे की नाही हे मोठ्या तपासणीतच कळेल. आणि ही प्रतिपिंडं तुमचं रक्षण करतील असंही समजू नका, पुन्हा लागण होऊ शकते. मी कान देऊन ऐकलं, चौकशीच्या खिडकीत माझं पोटच त्याच्यावर भरलं. तू उठून ओढणी सावरत होतीस. तुझ्या डोक्यात वडा होता.

मी इथे येऊन मॅनेजरपुढे रिपोर्ट ठेवला. म्हटलं, आम्हाला पुढे घ्या, आमच्या रक्तात आता काही नाही. तो वाईट माणूस नाही, तुलाही तसं वाटायचं. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे दर महिन्याला कार्ड होतं. कार्ड पॉझिटिव्ह तर मागची खोली. नियम आहे." मी म्हटलं, कार्ड तर मरेपर्यंत पॉझिटिव्ह येणार. तो म्हणाला, "मग मी काय करू?" चौकशीच्या खिडकीत मी हेच वाक्य हजारो लोकांना ऐकवलं होतं, त्यामुळे मला त्याचा पूर्ण अर्थ माहीत होता. परत आले, तुला एवढंच म्हटलं की नियम आहे, आणि तुझ्या शेजारी बसले. आपण बऱ्या झालो होतो आणि दारावरचा लाल कागद तसाच होता.

कार्डाचं तुझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. तुमच्या मोहल्ल्याच्या शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. तू नवीन ओढणी घेऊन गेलीस आणि सगळ्या बायांच्या आधी बोट पुढे केलंस. मोहल्ल्यासमोर होऊन जाऊ दे एकदा. तुझ्यामागे बाया उभ्या, त्यांतल्या निम्म्या तर मजा पाहायलाच आलेल्या. कार्डावर पहिली रेघ उमटली, मग हळूहळू दुसरी. शिबिरातल्या पोरीने मोठ्याने वाचलं. तिला बिचारीला काय माहीत.

दुसऱ्या दिवशी तू आलीस ती तोंड फुगवून. माझा हात पाहिला नाहीस. सुया लागल्यावर म्हणालीस, "तुले माहीत होतं."

"डॉक्टरनं तुझ्यासमोर सांगतलं होतं."

"मले समजलं नाही. तू सांगाची."

"बसमध्ये सांगतलं. तू झोपली होती."

"मंग उठवाचं."

मलाही राग आला. मी म्हटलं, डॉक्टर बोलून राहिला तेव्हा वड्याचा विचार काहून करत होती? तू मान भिंतीकडे फिरवलीस. भांडून माणूस दार आपटून जातं, आपल्याला तीही सोय नव्हती. दोघींचे हात बांधलेले, दोघींचं रक्त नळ्यांमधून बाहेर पडून परत आत येत होतं, आणि चार तास आपण एकमेकींच्या श्वासाचा आवाज ऐकत बसलो. उतरायच्या वेळेला तू म्हणालीस, आणि तुझ्या आवाजात राग नव्हता, "मी जिंदगीभर काय केलं ताई? धुतलं. धुतलं का माणूस साफ होते. जळालेलं होते, सडलेलं होते. मंग मीच काहून होत नाही?"

मी म्हटलं, "तू झालीच हायेस साफ. ते कार्ड जुनं सांगते."

"मंग त्या फौजेले म्हण ना, लढाई झाली, आता घरी जाय."

डॉक्टरांनी सांगितलेलं मी पाठ म्हणून दाखवू शकते, पण तुझा प्रश्न पेशींचा नव्हता. ज्या शरीराने इतकं सोसून तो विषाणू बाहेर घालवला, त्यानेच तुझ्या कपाळावर त्याचं नाव लिहून ठेवलं, आणि ते पुसायचं पाणी कुठल्या विहिरीत नव्हतं. मला या खोलीचा राग येतो, मॅनेजरचा येतो, पण खरं सांगू, सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या रक्ताचा येतो. बाहेर कुठे पळायचं असतं तर पळालेही असते.

त्यानंतर तू पहिल्यासारखी झालीस, निदान दाखवायला. माझा हात पुन्हा पाहायला लागलीस. आणि एकदा, पंख्याकडे पाहत, बाजारातून कोथिंबीर आण म्हणावं तसं म्हणालीस, "ताई, माझं पाणी तू पाहजो."

मी भडकले. म्हटलं, "मी? तुमच्यात मले कोण येऊ देईन? अन् मी तुझ्या पहिले मरीन, मले शुगर बी हाय."

"तू नाही मरत. तोंड चालू हाय तुझं."

"अशुभ बोलू नको."

"पाहशीन का?"

तेवढ्यात तुझं मशीन वाजायला लागलं, प्रतिभा सिस्टर आली, नळीत काहीतरी अडकलं होतं. ती गेल्यावर मी मुद्दाम टोमॅटोच्या भावाचं काढलं. "हो" म्हणायला काय लागतं? एक अक्षर. पण ते म्हटलं असतं तर तू मरणार हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. मी काही ते करणार नव्हते. तू पुन्हा विचारलं नाहीस.

आणि मग गेलीसच. दम लागला, अकोल्याला दवाखान्यात आणलं, तिथे त्यांनी घाईने मशीन लावून पाहिलं, आणि दुपारी शकीलाचा फोन आला. "खाला, अम्मी गई." मग ती बराच वेळ रडली आणि मला वाटलं एवढंच सांगायचं असेल. पण ती म्हणाली, "प्लास्टिक में दिये. पॉझिटिव्ह है बोले. खोलना नई बोले."

मी साडी बदलली नाही. आधी इथे आले. प्रतिभा सिस्टरला सांगितलं, तर तिने काही न विचारता हातमोज्यांचं अख्खं खोकं माझ्या पिशवीत टाकलं. म्हणाली, "काकू, त्यांना सांगा, हे कोणालाही हाताळताना घालतात. पॉझिटिव्ह असो की नसो. आणि रक्त निघालं तर दाबून धरा." मग ऑटो केली आणि थेट बाळापूर.

तुझ्या अंगणात चादरी बांधून आडोसा केला होता. आत फळी टाकलेली, फळीवर तू, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये, वर चिकटपट्टी आणि पिवळी चिठ्ठी. चुलीवर पातेलं होतं, त्यात बोरीची पानं होती, ते शकीलाने केलं असणार. पण बाया सगळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि नळाला हिरवा पाईप लावलेला होता. त्याचं दुसरं टोक आडोशात सोडलं होतं. नजमा, पाईपच. तुझा मुलगा अस्लम बाहेर ओट्यावर खाली मान घालून बसला होता. आईला धुण्यात मुलाचं काही चालत नाही.

तुमच्या रहिमाखाला पुढे आल्या, सगळ्यांत म्हाताऱ्या त्याच. मला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "ऊपर से पानी छोड देंगे, बेटी. अल्ला नीयत देखता है."

मी म्हटलं, तिच्या रक्तात आजार नाही. गोळ्यांनी गेला. मोठ्या तपासणीत काही निघालं नाही.

"फिर कार्ड में कैसे आया? सबने देखा."

मग मी माझा खिडकीतला आवाज काढला. प्रतिपिंडं सांगितली, दमलेल्या पेशी सांगितल्या, माझंही कार्ड असंच येतं हे सांगितलं. माझं कार्ड असं येतं म्हटल्यावर दोघी जणी आणखी मागे सरकल्या. मी अमरावतीच्या डॉक्टरांना फोन लावून अस्लमच्या कानाला लावला. तो "जी, जी" म्हणाला, त्याने रहिमाखालांना सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, डॉक्टर इथे थोडाच हात लावणार आहे. खरंच होतं ते. ऊन भिंतीवर चढत होतं. तुला उशीर होत होता. मला वाटलं संपलं आता, मी काही करू शकत नाही, मॅनेजरपुढे होते तशी मी इथेही काचेच्या बाहेरच आहे.

माझ्या तोंडून निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "खाला, तिनं तुमच्या मोहल्ल्यातल्या किती बाया धुतल्या. कोणाचं अंग कसं होतं, कोणाले काय झालं होतं, मी तिले रोज विचारत होती. लय खोदून विचारलं. तिनं मले एकीचं बी सांगतलं नाही. ते तुमालेच माहीत हाय."

रहिमाखाला माझ्याकडे पाहत राहिल्या, मग त्या पाईपकडे. त्यांच्या घरातली कोण तू धुतली होतीस, काय पाहिलं होतंस आणि काय पोटात ठेवलं होतंस, ते मला माहीत नाही आणि आता कधी कळणारही नाही. त्यांचा चेहरा हललेला मी पाहिला. त्यांनी बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या. नळ बंद केला. आणि मला म्हणाल्या, "मोजे ला."

मग तिघी आत गेल्या. रहिमाखाला, शकीला आणि मघाशी ज्या मागे सरकल्या होत्या त्यांतलीच एक. मला कोणी आत बोलावलं नाही, मीही गेले नाही. चुलीपाशी बसले. मला एवढंच सांगितलं की पाणी देत जा.

थोड्या वेळाने शकीला पडद्यातून डोकावली. घाबरली होती. "खाला, वो हाथ मेरेसे नई होता." तुझ्या फिस्टुलावर दवाखान्याच्या पट्ट्या होत्या, पाण्याने सुटत होत्या, आणि एका भोकातून रक्त यायला लागलं होतं. इतकंसंच. पण तिथेच सगळ्यांचं धैर्य थांबलं होतं. मी रहिमाखालांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "आओ."

मी मोजे चढवून आत आले. कापूस ठेवला, आपण दर वेळी सुया काढल्यावर धरतो तसा अंगठ्याने दाबून धरला. ते मला येतं, नजमा. मला दुसरं फारसं काही येत नाही, पण तो हात कसा धरायचा ते येतं. सवयीने माझी दुसरी बोटं त्या नसेवर गेली. काही वाजत नव्हतं. मी तरी थोडा वेळ ठेवून पाहिली.

प्रतिभा सिस्टर आत्ता येऊन गेली. अजून तासभर आहे म्हणाली. पुढच्या आठवड्यात महिन्याचं कार्ड होईल, त्यावर दोन रेघा येतील, आणि मी या खोक्यांजवळ बसलेली असेन. माझं पाणी कोण पाहील, ते मी अजून कोणाला विचारलेलं नाही. माझ्या भावजयीला विचारावं लागेल. ती टोमॅटोच्या भावाचं काढेल.

आत काय पाहिलं ते मी कोणाला सांगितलं नाही. भावजयीने विचारलं, सिस्टरने विचारलं. मी म्हटलं, तिचे केस लांब होते. तुझा कायदा मला आता समजला.

फक्त तू जे विचारलं होतंस, त्याचं उत्तर तेवढं द्यायचं राहिलं होतं. पहिलं पातेलं उतरवलं तेव्हा कढत होतं. शकीला तसंच न्यायला निघाली, मी तिला थांबवलं. गार पाणी मिसळलं, कोपर घातलं, परत थोडं मिसळलं, परत कोपर घातलं. मग तिला म्हटलं, ने.

कोमट होतं, नजमा.